घरात लहान मुलं आहेत, छोट्या जातीचं पिल्लू आणावं का?

पर्वरीची अबोली

नमस्कार मंडळी. मुक्काम पर्वरी, गोवा, दुसरा मजला, दोन बेडरूम. घरात आम्ही दोघं, सासूबाई, मुलगी नऊ वर्षांची आणि मुलगा साडेतीनचा. मुलीने गेलं वर्षभर कुत्र्याचा धोशा लावलाय. वाढदिवसाला सायकल देऊन पाहिली, तर तिने सायकलीला पट्टा बांधून फिरवलं.

नवऱ्याला लॅब्रेडोर हवा. तो पेडण्याला अंगणाच्या घरात वाढलाय, फ्लॅटमधला कुत्रा त्याने कधी पाहिलेला नाही. माझं मत असं की फ्लॅट आणि लहान मुलं असतील तर छोट्या जातीचाच घ्यावा. खाणं कमी, घाण कमी, धाकट्याला धक्का देऊन पाडणार नाही, आणि चावलाच तर तोंड तरी केवढंसं! शिह त्झू किंवा पॉम (पॉमेरियन) डोक्यात आहे. एकाने फोटो पाठवलेत: शिह त्झूची मादी, पाच आठवड्यांची, चाळीस हजार. म्हणतो, "आत्ताच न्या, लहानपणीच लळा लागतो. गणेश चवथीपर्यंत थांबलात तर जाईल."

मुलं लहान असताना कुणी असं पिल्लू आणलंय का? पुस्तकी उपदेश नको, अनुभव सांगा.

नुस्तेंखाऊ

नवऱ्याच्या बाजूने एक मत. बाकी चालू द्या, मी चहा घेऊन बसलोय.

दवर्लीचा बोका

मांजर आणा. फिरवावं लागत नाही, भुंकत नाही, घराला मालक मिळतो.

मडगावकर काकू

आमच्याकडे पॉम होता. थोरला पाचवीत आणि धाकटी बालवाडीत असताना आणला. तेरा वर्षं जगला आणि मुलांचं बालपण त्याच्याशिवाय मला आठवतच नाही. अबोली, जरूर आण. नियम एकच केला होता: पिल्लाला उचलायचं नाही. हवं असेल तर जमिनीवर मांडी घालून बसायचं, तो मांडीत आला तर आला, नाही आला तर हाक मारायची नाही. धाकटी तासन्‌तास मांडी घालून बसायची. त्याआधी ती जेवायलासुद्धा एका जागी बसत नव्हती.

ढोरदाक्तर (निवृत्त)

अबोलीताई, आधी वयाचं बोलू. पाच आठवड्यांचं पिल्लू विकायला काढणारा घाईत असतो आणि त्याच्या घाईचे पैसे आपण दवाखान्यात भरतो. केंद्राच्या २०१७ च्या श्वानप्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि विकणाऱ्याकडे राज्य पशुकल्याण मंडळाची नोंदणी लागते. या वयात पिल्लं एकमेकांना चावून खेळतात. जास्त जोरात चावलं की भावंड केकाटतं आणि खेळ मोडतो. दात किती लावायचे हे ती तिथे शिकतात. मध्येच उचलून आणलेलं पिल्लू राहिलेला अभ्यास तुमच्या धाकट्याच्या बोटांवर करतं.

दुसरं, लसी. पहिली सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, शेवटचा डोस सोळा आठवड्यांच्या सुमाराला. तोपर्यंत पार्वोची धास्ती असते. पार्वोचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, चपलेला लागून घरात येतो, आणि छोट्या पिल्लाला उलट्या-जुलाबाने दोन-तीन दिवसांत संपवतो. रेबीजची लस तीन महिन्यांना, नंतर दरवर्षी. जंताचं औषध बारा आठवड्यांपर्यंत साधारण दर पंधरा दिवसांनी. हे मुलांसाठीही महत्त्वाचं, कारण पिल्लाला गोल जंत बहुतेक वेळा आईच्या पोटातूनच येतात आणि मातीत खेळणाऱ्या पोराच्या पोटातही जाऊ शकतात.

आणि आता तुमच्या मुख्य मुद्द्याशी माझं भांडण. कुत्रा लहान म्हणून मुलांना बरा, हे मला पटत नाही. लॅबचं पिल्लू मुलाला पाडेल, मूल रडेल, उठेल. शिह त्झूच्या किंवा टॉय पॉमच्या पिल्लाला मूल पाडतं. साडेतीन वर्षांच्या मुलाने छातीशी धरलेलं किलोभराचं पिल्लू वळवळून खाली पडलं की पुढच्या पायाचं हाड मोडतं. माझ्या टेबलावर अशी पिल्लं यायची, सोबत हमखास एक रडणारं मूल असायचं. शिवाय अगदी छोट्या पिल्लांची रक्तातली साखर एखादी वेळ खाणं चुकलं तरी उतरते, पिल्लू लटपटतं, थंड पडतं. दिवसातून चार वेळा भरवायला घरी कोण आहे?

पर्वरीची अबोली

दाक्तर, घाबरवलंत. घरी सासूबाई असतात. पण त्यांचं सोवळं कडक, कुत्रा स्वयंपाकघरात आला तर त्या स्वतः बाहेर जाऊन राहतील.

नुस्तेंखाऊ

सासूबाईंची काळजी सोडा. कुत्र्याला पहिला विरोध करणारं माणूसच पुढे त्याच्यासाठी बांगड्याचे काटे काढत बसतं. आमच्या बाबांनी "एकतर मी नाहीतर तो" असं जाहीर केलं होतं. आता दुपारी दोघं एकाच पंख्याखाली झोपतात.

मडगावकर काकू

सोवळ्याचा प्रश्न आमच्याकडेही होता. स्वयंपाकघराच्या दाराला गुडघ्याएवढं लाकडी फाटक लावलं, सुताराने एका दुपारी करून दिलं. त्याचा खरा फायदा मात्र वेगळाच. मुलं जेवायला बसली की पॉम फाटकाबाहेर, पॉम जेवायला बसला की मुलं फाटकाबाहेर. जेवणाऱ्या कुत्र्याच्या ताटलीत हात घालणारं मूल आणि मुलाच्या हातातली बिस्किटं ओढणारा कुत्रा, अर्धी भांडणं तिथेच होतात. चवथीला गणपतीवर फळांची माटोळी बांधली की मात्र त्याला आतल्या खोलीत ठेवायचो. माटोळीखाली तो असा काही बसायचा की जणू सगळी फळं त्याच्याच नावाने टांगली आहेत.

पगपालक, फोंडा

२००३ साली ती हच मोबाइलची पगवाली जाहिरात आली आणि घराघरात पग आले. माझाही त्याच लाटेनंतरचा, गेल्या वर्षी गेला. पोरांशी इतकं प्रेमळ जनावर मी पाहिलं नाही. शेपूट ओढा, कान ओढा, ढिम्म. पण एप्रिल-मे मध्ये त्याचा श्वास ऐकवत नसे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि चपट्या नाकाच्या जातींना तेच नीट जमत नाही, त्यातून आपल्याकडची दमट हवा. सकाळी सातनंतर फिरायला न्यायचं नाही, दुपारभर एसी, गाडीत बंद करून जायचा तर विचारही नको. शिह त्झूचं नाकही चपटंच. वर केस. पावसात ते केस सुकत नाहीत, कातडीला बुरशी येते, कानात वास मारतो. रोज विंचरायचं आणि महिन्या-दीड महिन्याने केस कापून आणायचे. "घाण कमी" या यादीतून हे नाव काढा.

शंकेखोर

मग आपल्या हवेला छोटं कोणतं चालतं?

ढोरदाक्तर (निवृत्त)

आपल्याकडे पूर्वापार ज्याला पॉमेरियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. नाक लांब, अंगाने थोडा दणकट, इथली हवा त्याला सोसते. तोटा एकच, भुंकणं. डॅशहुंडही बरा, पण त्याची पाठ लांब आणि कण्याच्या मणक्यांतली चकती सरकण्याचा धोका, त्यामुळे सोफ्यावरून उड्या आणि रोजचे जिने नकोत. दुसऱ्या मजल्याला लिफ्ट आहे ना? आणि कुणी 'टीकप' म्हणून काही विकायला आलं तर तिथून चालते व्हा. अशी कुठलीही जात नाही, अशक्त आणि खुरटलेली पिल्लं निवडून त्यांना ते नाव लावतात.

डिचोलीकर

एवढी चर्चा चाललीय आणि एकानेही गावठी सुण्याचं नाव काढलं नाही! रस्त्यावर पावसात पिल्लं कुडकुडतायत आणि आपण चाळीस हजार मोजून तिबेटचं कुत्रं पर्वरीत आणणार. गावठी पिल्लू फुकट, कातडी चांगली, पोट चांगलं, डोकं तर विचारूच नका. आमची काळी दूधवाल्याला ओळखते, वीजबिलवाल्याला ओळखते, पण मते मागायला आलेल्यांना कधीच ओळख देत नाही.

शंकेखोर

डिचोलीकर, मुद्दा रास्त, पण गावठी पिल्लू वाढून केवढं होईल हे कुणी सांगू शकत नाही. पंधरा-वीस किलोचं झालं की अबोलीताईंच्या दोन खोल्यांत काय करायचं?

डिचोलीकर

दिवसातून दोनदा दमवायचं. शिह त्झूलाही तेच करावं लागतं, लोक करत नाहीत आणि मग म्हणतात सोफा खाल्ला.

तारवट्याची बायको

इथे एक प्रश्न कुणी विचारला नाही. करणार कोण?

माझा नवरा जहाजावर. सुट्टीवर आला तेव्हा पोरांच्या हट्टापायी बीगल घेऊन आला आणि पुढच्या करारावर निघून गेला. मुलगा तेव्हा दहा वर्षांचा. त्याने आठवडाभर इमानेइतबारे फिरवलं, मग शाळा, ट्यूशन, फुटबॉल. छोटं पिल्लू दर दोन-तीन तासांनी मुततं. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच उचलून एका ठरलेल्या जागी न्यायचं, तिथे केलं की लगेच शाबासकी, घरात केलं तर न ओरडता पुसायचं. हे सगळं रात्री दोनलाही. ओरडलं तर ते मुतणं थांबवत नाही, कपाटामागे जाऊन करतं. नऊ वर्षांची मुलगी यातलं काय करेल? पाण्याचं भांडं भरेल, केस विंचरेल, "बस" म्हणायला शिकवेल. तेवढंच तिच्याकडून अपेक्षा करा आणि बाकीचं स्वतःच्या वेळापत्रकात बसतंय का बघा. मुलांना जबाबदारी शिकवण्यासाठी कुत्रा आणू नका. मुलं शिकेपर्यंत उपाशी राहायला कुत्र्याने काय कुणाचं घोडं मारलंय?

(बीगल अजून आहे. लाडका आहे. माझा.)

नुस्तेंखाऊ

काय बोललात! धागा इथेच संपवायला हरकत नाही.

दवर्लीचा बोका

मांजर रेतीत करतं. फक्त माहिती म्हणून.

भटकभवानी

अबोलीताईंचं "चावलाच तर तोंड केवढंसं" हे वाक्य मात्र सोडून देता येत नाही. रेबीज तोंड मोजून येत नाही. ओरखड्यातूनही होऊ शकतो आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. मिशन रेबीज या संस्थेची माणसं जाळी घेऊन गावोगाव कुत्र्यांना लस देत फिरली, २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रित क्षेत्र जाहीर झालं, हे सगळं खरंच अभिमानाचं. पण नियंत्रित म्हणजे नाहीसा झालेला नाही. घरच्या पिल्लाची लस पूर्ण होईपर्यंत रस्त्यावरच्या कुत्र्यांशी गाठ पडू देऊ नये. कुणालाही चावलं, दात लागला, तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं आणि त्याच दिवशी सरकारी आरोग्य केंद्र गाठायचं. हळद, चुना, मिरची, तेल काही लावायचं नाही. आमच्या शेजारी अजून लावतात.

ढोरदाक्तर (निवृत्त)

भटकभवानींना पूर्ण अनुमोदन. त्यात एक भर घालतो. लहान मुलांना चावा बहुधा तोंडावर आणि मानेवर बसतो, कारण मुलाचं तोंड कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर असतं आणि मुलं मिठी मारतात. कुत्र्याला मिठी म्हणजे पकडणं. तो आधी सांगतो: मान वळवतो, जीभ नाकावर फिरवतो, डोळ्यांचं पांढरं दिसतं, अंग ताठ होतं, मग गुरगुरतो. छोट्या कुत्र्यांचं हे सगळं लोक गंमत म्हणून बघतात, व्हिडिओ काढतात. रॉटवायलर गुरगुरला तर खोली रिकामी होते, पॉम गुरगुरला तर "अगं बाई, राग आला का?" म्हणून त्याचे गाल ओढतात. म्हणून तो बिचारा थेट चावायला शिकतो. गुरगुरल्याबद्दल मारू नका, मुलाला बाजूला घ्या. सहा वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा, दोघांना एका खोलीत एकटं सोडायचं नाही. जात कुठलीही असो.

शंकेखोर

सोसायटीचं काय? आमच्या इमारतीत फलक लावलाय, 'पाळीव प्राण्यांना मनाई'.

भटकभवानी

तो फलक चालत नाही. केंद्रीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे, सोसायटीला कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, लिफ्टला वेगळे पैसेही लावता येत नाहीत. विष्ठा उचलायची जबाबदारी मात्र आपली. पिशवी घेऊन फिरा, अर्धे शेजारी त्यानेच निवळतात.

नुस्तेंखाऊ

उरलेले अर्धे पोदेर (पाववाला) आला की पेटतात. सकाळी साडेसहाला त्याचा भोंगा वाजला की आमच्या इमारतीतले सगळे कुत्रे एकसुरात. आमचा तर सायकल दिसेनाशी होईपर्यंत. पोदेराला वाटतं, रोज आपलं स्वागत होतंय.

मडगावकर काकू

आमचा पोदेराला भुंकायचा नाही, त्याला रोज उंड्याचा तुकडा मिळायचा. लाचखोर होता. त्याला खरी भीती चवथीच्या आणि दिवाळीतल्या नरकासुराच्या रात्रीच्या आवाजाची. फटाके वाजले की पलंगाखाली, थरथर कापायचा. पिल्लू चवथीच्या तोंडावर आणू नकोस असं मी म्हणेन. पाहुणे, धूर, आरत्या, फटाके आणि दहा हातांतून फिरणारं नवं पिल्लू!

डिचोलीकर

आणि आत्ता पाऊस आहे हे विसरू नका. गोचीड डोक्यात जातात आणि गोचीड-तापाने चांगले कुत्रे जातात. उंदराच्या मुताने दूषित पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, माणसालाही. डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नये. बेडकाला तोंड लावलं तर फेस येतो, लगेच पाण्याने तोंड धुवायचं. आमच्याकडे परसात घोणस निघते ती वेगळीच. पर्वरीत दुसऱ्या मजल्यावर तेवढी काळजी नसावी.

पगपालक, फोंडा

खाण्याचंही सांगून टाकतो, कारण सणाच्या दिवसांत पोरंच भरवतात. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा, लसूण नाही. नेवऱ्यांत (करंज्यांत) मनुका असतात, शिऱ्यात असतात. साखर नसलेल्या च्युइंगममधलं झायलिटॉल तर अगदीच घातक. शिजवलेली हाडं नाहीत. आंब्याची कोय आतड्यात अडकली की ऑपरेशन. आणि ताप आला म्हणून मुलांचं पॅरासिटामॉल स्वतःच्या मनाने देऊ नका.

पर्वरीची अबोली

सगळ्यांचे आभार, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. काल त्या विकणाऱ्याला फोन केला. म्हटलं, आठ आठवडे होईपर्यंत आईजवळ ठेवा, आम्ही येऊन आई बघतो आणि नोंदणीचा कागदही बघतो. तो म्हणाला आई बेळगावला आहे. कागदाचं नाव काढल्यावर "मॅडम, तुम्हाला कुत्रा हवाय की सरकारी नोकरी?" असं विचारलं. ते प्रकरण संपलं.

नवरा म्हणतो, मग लॅब. सासूबाई म्हणतात, "आणायचाच तर मुतायला शिकलेला आणा." मुलगी हा धागा माझ्यासोबत वाचतेय आणि तिने मांडी घालून बसायचा सराव सुरू केलाय, रिकाम्या मांडीत उशी घेऊन.

तारवट्याची बायको

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. पूर्ण धाग्यात सगळ्यात शहाणं वाक्य त्यांचं आहे.

खरंच, पिल्लूच का? माझ्या नात्यातलं एक कुटुंब पोर्तुगीज पासपोर्ट करून परदेशी निघालंय. आपल्याकडे घर बंद करून जाणारे किती आणि मागे राहिलेले कुत्रे किती, सगळ्यांना ठाऊक आहे. हे लोक भले आहेत, घर शोधतायत. चार वर्षांची स्पिट्झ मादी, नसबंदी झालेली, लसींचं पुस्तक आहे, दोन मुलांत वाढलेली, बाहेर नेल्याशिवाय करत नाही. पोदेराला भुंकते, हे आधीच सांगते. हवं तर निरोप पाठवा.

शंकेखोर

मोठा कुत्रा नव्या घरात रुळतो का? लळा लागायला पिल्लूच हवं असं सगळे म्हणतात.

ढोरदाक्तर (निवृत्त)

रुळतो. पहिले काही दिवस कोपऱ्यात बसेल, कमी खाईल, दाराकडे बघेल. महिना-दोन महिन्यांत घर त्याचं होतं. आणि मोठ्या कुत्र्याचा स्वभाव समोर दिसतो, पिल्लाचा अंदाजच बांधावा लागतो. अबोलीताई, बघायला पहिल्यांदा मोठ्यांनीच जा. तिच्या ताटलीजवळून चालून बघा, खेळणं मागून बघा, त्या घरातली मुलं धावली की ती काय करते ते बघा. ठीक वाटलं तर दुसऱ्या खेपेला मुलांना न्या, तेही बाहेर, मोकळ्या जागी, पट्टा बांधून. तिला त्यांच्याकडे येऊ द्या, मुलांनी जायचं नाही. धाकट्याने मिठी मारली आणि ती आक्रसली तर नाही म्हणायची लाज वाटू देऊ नका. लसींच्या पुस्तकात लेप्टोची या वर्षीची तारीख तपासा. आणि तिचं अंथरूण न धुता तसंच मागून घ्या, वासाने धीर येतो.

डिचोलीकर

गावठी नसली तरी घर सुटलेली आहे. माझा विरोध मागे.

पर्वरीची अबोली

तारवट्याची बायको, निरोप पाठवलाय. रविवारी मी आणि नवरा दोघंच जाऊन येतो, मुलीला अजून काही सांगितलेलं नाही (आता हा भाग तिला वाचू देणार नाही). एक शंका. फोनवर कळलं की त्यांच्या घरात तिच्याशी सगळे इंग्रजीत बोलतात. आमच्या सासूबाई इंग्रजीत बोलायच्या नाहीत, कुत्र्याशी तर नाहीच नाही. जमेल का?

ढोरदाक्तर (निवृत्त)

हाताची खूण वापरायला सांगा. कुत्र्यांना शब्दापेक्षा खूण लवकर कळते. तळहात वर नेला की बस, तळहात पुढे धरला की थांब, आणि त्याच वेळी आपला मराठी शब्द म्हणायचा. थोड्या दिवसांनी नुसता शब्द पुरतो. घरातल्या पाचही जणांनी खूण आणि शब्द एकच ठेवा, एकाने "बस" आणि दुसऱ्याने "खाली बस गो बाय" म्हणायला लागलात तर ती दोघांचंही ऐकणार नाही.

नुस्तेंखाऊ

आमच्याकडे बाबा "बस" म्हणाले की कुत्रा बसतो आणि आई "बसा" म्हणाली की बाबा बसतात. व्यवस्थित चाललंय.